कुठली नोकरी लिहायची आणि कुठली गाळायची?

मागच्या खेपेला आपण ‘खोटं बोलणं’ आणि ‘खरं न सांगणं’ यांतल्या फरकावर बोलत होतो, तेव्हा दोघातिघांनी तक्रार केली की सर, तुम्ही द्रोणपर्वातून बाहेरच येत नाही, आजच्या आयुष्यातलं काहीतरी घ्या. तक्रार बरोबर होती. म्हणून आज एक अगदी कागदी प्रश्न घेतोय. कागदी म्हणजे खरोखरच कागदावरचा. अमेरिकेत वकिलीच्या शिक्षणासाठी अर्ज करताना आपण पूर्वी केलेल्या नोकऱ्यांपैकी कुठल्या लिहायच्या?

प्रश्न माझ्याकडे आला तो असा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी आहे. मला आजोबाच म्हणते. पुण्यात पदवी घेतली, दोन वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम केलं, मग तिकडे जाऊन एमएस केलं, आणि आता तिला वकील व्हायचंय. तिनं तिच्या अर्जाचा कच्चा खर्डा मला पाठवला. ‘आजोबा, इंग्रजी बघू नका, ते मी बघते. पटतंय का तेवढं सांगा.’ मी वाचला. छान होता. जरा जास्तच छान होता. या मुलीला मी लहानपणापासून ओळखतो, आणि कागदावरची मुलगी मला ओळखीची वाटेना.

तिच्याकडे परत येऊ. आधी तिकडची पद्धत थोडी समजून घ्या, कारण आपल्याकडे हा प्रश्न या जागी उभाच राहत नाही. आपल्याकडे तीन वर्षांच्या एलएलबीला जाताना पदवीचे गुण आणि सीईटीचे गुण बघतात. तुम्ही आधी बँकेत होता की बेकरीत, कुणी विचारत नाही. आपल्याकडे नोकरीचा मुद्दा सनद घेताना येतो. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ सालचा, आणि बार कौन्सिलचे नियम असे की पूर्णवेळ पगारी नोकरी करत असताना वकिली करता येत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलनं तर एका डॉक्टरांना, तुमचा वैद्यकीचा व्यवसाय चालू असताना सनद मिळणार नाही, असं सांगितलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ साली न्यायालयानं कौन्सिलची बाजू उचलून धरली. म्हणजे आपला प्रश्न ‘आज काय करता?’ असा आहे. तिकडचा प्रश्न ‘आजवर काय काय केलंत?’ असा आहे. हा फरक लहान नाही.

तिकडे कायद्याची मुख्य पदवी म्हणजे जेडी. आधी कुठल्याही विषयातली पदवी घ्यायची, मग तीन वर्षं ही. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेली लॉ स्कूल दोनशेच्या जवळपास आहेत. अर्ज बहुतेक सगळे एलएसएसी नावाच्या एकाच संस्थेमार्फत जातात. एलसॅट ही प्रवेश परीक्षा घेणारी हीच संस्था, १९४७ साली स्थापन झालेली. अर्ज जातो एका दारातून, पण प्रत्येक स्कूलचा फॉर्म वेगळा. आणि घोळ नेमका इथेच होतो. एक स्कूल म्हणतं, पदवीनंतरच्या सगळ्या पूर्णवेळ नोकऱ्या लिहा. दुसरं म्हणतं, महत्त्वाच्या नोकऱ्या लिहा. तिसरं विचारतं, कॉलेजात असताना आठवड्याला किती तास काम करत होता. चौथं सरळ विचारतं, तुम्हाला कधी कामावरून काढलंय का, किंवा राजीनामा द्यायला सांगितलंय का? आणि याखेरीज रेझ्युमे वेगळा जोडायचा असतो. शेवटी सही करायची, म्हणजे हल्ली टिचकी मारायची, की वर लिहिलेलं सगळं खरं आणि पूर्ण आहे.

‘खरं’ आणि ‘पूर्ण’. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

आता या मुलीच्या खर्ड्यात काय होतं? सॉफ्टवेअर कंपनीतली दोन वर्षं होती. ती दोन वर्षं आणि दोन महिने झाली होती. एका वकिलांच्या कार्यालयात बारा दिवस ती जाऊन बसली होती, त्याची ‘इंटर्नशिप’ होऊन सात ओळी झाल्या होत्या. आणि दोन गोष्टी नव्हत्या. एक, सॉफ्टवेअरच्या आधी ती एका कॉल सेंटरमध्ये सात आठवडे होती आणि तिथून तिला काढून टाकलं होतं. ते दोन जादा महिने कुठून आले हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. दोन, तिच्या आईचं पोळी-भाजी केंद्र होतं. कॉलेजची चार वर्षं ही मुलगी पहाटे उठून चाळीस-चाळीस डबे भरायची, त्यातले निम्मे स्वतः स्कूटरवरून पोचवायची आणि महिन्याचा सगळा हिशोब हिच्या वहीत असायचा. उधारी वसूल करायचं कामही हिचंच. मी स्वतः तो डबा खाल्लाय. पैसे द्यायला दोन दिवस उशीर झाला तर ‘आजोबा, मागच्या महिन्याचे राहिलेत’ असा फोन यायचा.

मी विचारलं, डब्यांचं का नाही लिहिलंस? म्हणाली, ‘ती काय नोकरी आहे का? पगार कुठे होता? आणि तिथे हार्वर्डवाली, येलवाली पोरं असणार. मी डबे पोचवत होते असं लिहू?’

बरं, कॉल सेंटर? ‘सात आठवडे तर होते, आजोबा. कोण विचारतंय?’

मंडळी, ही दोन्ही गाळणी दिसायला सारखी आहेत. कागदावर दोन्हीकडे कोरी जागाच आहे. पण नीतीच्या दृष्टीनं त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि आजचं व्याख्यान एवढ्याचसाठी आहे.

इमॅन्युएल कांट या माणसाबद्दल आपली समजूत अशी असते की तो सत्याच्या बाबतीत अतिशय कर्मठ होता. होताच. पण १७६६ साली मोझेस मेंडेल्सोनला लिहिलेल्या पत्रात तो साधारण असं म्हणतो की, मला मनापासून पटलेल्या कितीतरी गोष्टी बोलायचं धैर्य मला कधीच होणार नाही, पण जे मला पटलेलं नाही ते मी कधीही बोलणार नाही. म्हणजे कांटसुद्धा सगळं सांगत सुटा असं म्हणत नाही. न सांगण्याला त्याच्याकडे जागा आहे. तेव्हा रेझ्युमेत निवड करणं हे पाप नाही. एक-दोन पानांत आयुष्य मावत नाही, आणि वाचणाऱ्यालाही ते माहीत असतं. शाळेत असताना दिवाळीत फटाक्यांच्या स्टॉलवर बसलो होतो, हे गाळलं म्हणून कुणाची फसवणूक होत नाही. रेझ्युमे हा स्वभावतःच निवडलेला कागद आहे.

मग फसवणूक कुठे सुरू होते? इथे मला पॉल ग्राइसची मदत होते. ग्राइसचा ‘लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन’ हा निबंध १९७५ साली छापला गेला. त्याचं म्हणणं असं की, बोलताना आपण शब्दांतून जेवढं सांगतो त्यापेक्षा जास्त सुचवतो, आणि हे सुचवणं शक्य होतं कारण ऐकणारा धरून चालतो की बोलणारा प्रसंगाला लागेल तेवढं सांगतोय. त्याचं उदाहरण आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे. एक प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यासाठी तत्त्वज्ञानाच्या नोकरीकरता शिफारसपत्र लिहितो. त्यात एवढंच लिहितो की, याचं इंग्रजी उत्तम आहे आणि हा वर्गाला नियमित येतो. बस्स. एकही शब्द खोटा नाही. पण वाचणाऱ्याला काय कळतं? की पोराला तत्त्वज्ञान येत नाही. (मी अशी पत्रं लिहिलीत. देव क्षमा करो.)

आता हीच गोष्ट फॉर्मला लावा. फॉर्मनं विचारलं, ‘सगळ्या पूर्णवेळ नोकऱ्या लिहा’, आणि मी तीन लिहिल्या. तर माझा न लिहिलेला चौथा वाक्यांश असा होतो की, ‘याखेरीज एकही नाही.’ हा वाक्यांश मी लिहिला नाही खरा, पण बोललो. प्रश्न ‘सगळ्या’ असा असला की गप्प बसणं हे उत्तर होतं. प्रश्न ‘महत्त्वाच्या’ असा असेल तर गप्प बसण्याचा अर्थ एवढाच की ‘बाकीच्या मला महत्त्वाच्या वाटल्या नाहीत’, आणि ते खरं असू शकतं. म्हणजे ‘ही नोकरी लिहू का?’ याचं उत्तर नोकरीत नसतं. ते प्रश्नात असतं. तीच सात आठवड्यांची नोकरी एका फॉर्मात गाळली तर चालते आणि दुसऱ्या फॉर्मात गाळली तर ते खोटं होतं. मुलं नोकरीकडे बघत बसतात, किती लहान होती, किती लाजिरवाणी होती. बघायचं असतं समोरच्या वाक्याकडे, शब्दन् शब्द.

तारखा पुढेमागे सरकवणं हा प्रकार तर गाळण्यातही बसत नाही. तिथे कोरी जागासुद्धा नाही. ‘मे’च्या जागी ‘मार्च’ लिहिलं, की तुम्ही एक असत्य विधान केलं. धर्मराजाचं आपण मागे बघितलं. अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं आणि हत्तीचं हळूच. त्याचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा तो खाली टेकला. तिथे निदान हत्ती तरी खरंच मेलेला होता. मार्च महिन्यात तर आमची मुलगी त्या कंपनीत नव्हतीच.

यावर कुणी म्हणेल, सर, नीती राहू दे, पण सात आठवड्यांचं कुणाला कळणारे? इथे तिकडच्या पद्धतीतला दुसरा दरवाजा येतो. लॉ स्कूलचा प्रवेश हा पहिला. तीन वर्षांनंतर वकिलीचा परवाना घ्यायचा तेव्हा राज्याचं बार मंडळ परीक्षा तर घेतंच, शिवाय ‘चारित्र्य आणि पात्रता’ तपासतं. त्यासाठी नॅशनल कॉन्फरन्स ऑफ बार एग्झामिनर्सचा जो फॉर्म अनेक राज्यांत चालतो, त्यात गेल्या दहा वर्षांतली, किंवा वयाच्या अठरा वर्षांपासूनची, यांपैकी जो काळ कमी असेल त्यातली प्रत्येक नोकरी विचारतात. अर्धवेळ, तात्पुरती, इंटर्नशिप, स्वतःचा धंदा, सगळं. तिथे ‘महत्त्वाच्या’ हा शब्द नाही. आणि हे मंडळ लॉ स्कूलला दिलेला तुमचा जुना अर्ज मागवून शेजारी ठेवू शकतं. दोन कागद जुळले नाहीत तर प्रश्न सात आठवड्यांच्या नोकरीचा राहतच नाही. तो होतो, ‘तुम्ही तेव्हा का लपवलंत?’ कॉल सेंटरमधून काढलं म्हणून कुणाची वकिली जात नाही. लपवल्यामुळे मात्र जाऊ शकते.

स्टीफन ग्लासचं प्रकरण काहींना आठवत असेल. ‘द न्यू रिपब्लिक’ या साप्ताहिकात त्यानं मनानं रचलेल्या बातम्या छापल्या, १९९८ साली ते उघडकीला आलं. पुढे तो वकिलीची परीक्षा पास झाला, पण न्यूयॉर्कमध्ये अर्ज नाकारला जाणार असं दिसल्यावर त्यानं तो मागे घेतला. मग कॅलिफोर्नियात प्रयत्न केला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली एकमतानं नकार दिला. मूळ अपराध मोठाच होता. पण न्यायालयानं आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. खोटे लेख शोधून काढायला आपण किती मदत केली, हे न्यूयॉर्कच्या अर्जात त्यानं फुगवून सांगितलं होतं. म्हणजे पश्चात्तापाच्या कागदावरसुद्धा हात सरळ चालला नाही.

आता उलट बाजूचं एक प्रकरण सांगतो, ते मला जास्त आवडतं. रुडॉल्फ श्वेअर. ज्यू कुटुंबातला, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला. १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, ज्यूंना कामावर न घेणाऱ्या कारखान्यांत नोकरी मिळावी म्हणून त्यानं काही वर्षं खोटं, इटालियन वळणाचं नाव वापरलं. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात होता, संपांच्या काळात अटकही झाली होती. पुढे सैन्यात जाऊन आला, आणि १९५० साली न्यू मेक्सिकोत लॉ स्कूलला दाखल झाला. दाखल झाल्यावर लवकरच तो आपण होऊन डीनकडे गेला आणि आपलं पूर्वायुष्य सांगून सल्ला मागितला. डीन म्हणाले, शिक्षण चालू ठेव. पण पुढे राज्याच्या मंडळानं त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही: खोटी नावं, पक्ष, अटका. तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ साली जिंकला. न्यायालयानं विचारलं की, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या या गोष्टींवरून आजचा माणूस वाईट चारित्र्याचा आहे हे कसं ठरतं?

श्वेअरनं नोकरी मिळवताना खोटं नाव सांगितलं होतं, हे विसरू नका. कांट त्यालाही माफ करणार नाही. मला मात्र वाटतं की, ज्या दारावर तुमच्या जातीसाठी किंवा धर्मासाठी ‘प्रवेश नाही’ लिहिलंय, तिथे नाव बदलणारा माणूस आणि दोन महिने ढकलणारी आमची मुलगी एका तागडीत बसत नाहीत. आपल्याकडे आडनाव सांगायचं टाळून शहरात खोली मिळवलेली माणसं याच सभागृहात असतील. त्यांना मी सत्यावर व्याख्यान देणार नाही.

आता डब्यांकडे येतो. कॉल सेंटर लिहायला सांगताना मला काही त्रास झाला नाही; ते गणितासारखं होतं. डबे लिही हे पटवायला मात्र दोन संध्याकाळ गेल्या. कारण तिथे ती कुणाला फसवत नव्हती. स्वतःच्या आईचं काम तिला काम वाटत नव्हतं, एवढंच. हा आपला जुना रोग आहे. पगाराचं पाकीट आलं तर नोकरी. घरच्या दुकानात, शेतात, खानावळीत दहा वर्षं राबलो तर ‘काही नाही, घरीच होतो’. बायकांच्या बाबतीत तर हे दुप्पट. तिकडे प्रवेश समितीतले लोक असे अर्ज वाचताना विचार करतात की, या मुलीचे दुसऱ्या वर्षी गुण घसरले, का बरं? आणि त्यांच्या फॉर्मात आठवड्याला किती तास काम करत होता, हा रकाना असतो तो त्यासाठीच. तिनं तो रकाना रिकामा ठेवला होता. मी म्हटलं, पहाटे पाच ते साडेआठ, आठवड्याचे सहा दिवस, कर हिशोब. एकवीस तास. ‘आजोबा, एकवीस?’ तिलाच आश्चर्य वाटलं. मग म्हणाली, वसुलीचे वेगळे.

लिहायचं कसं, तर फुगवायचं नाही. ‘ऑपरेशन्स मॅनेजर’ वगैरे नको. आईचा घरगुती डब्यांचा व्यवसाय, बिनपगारी, डबे पोचवणं, हिशोब, वसुली, आठवड्याचे साधारण एकवीस तास, अमुक सालापासून तमुक सालापर्यंत. ‘बिनपगारी’ हा शब्द आवर्जून. आणि त्या वकिलांच्या कार्यालयातले बारा दिवस हे बारा दिवसच. दोन ओळी पुरे.

कॉल सेंटरचं तिनं असं लिहिलं: सात आठवडे, प्रशिक्षणाच्या काळात कामावरून कमी केलं, ठरलेली उद्दिष्टं पूर्ण झाली नाहीत. एक वाक्य. तिला दोन परिच्छेद लिहायचे होते, तिथला टीम लीडर कसा होता वगैरे. मी म्हटलं, तो कसाही असो, तुझ्या अर्जात त्याला कशाला नेतेस? जिथे विचारलंय तिथे लिहायचं. ज्या स्कूलनं फक्त महत्त्वाच्या नोकऱ्या विचारल्यात आणि काढून टाकल्याचा प्रश्नच नाही, तिथे नाही लिहिलं तरी हरकत नाही. मात्र मधले महिने रिकामे दिसतील, ते तसेच दिसू द्यायचे.

एक गोष्ट मला सोडता येणार नाही, कारण गेल्या वेळी एका तरुणानं विचारलं होतं. तिकडे विद्यार्थी व्हिसावर असताना हॉटेलात रोखीनं काम केलं, ते लिहायचं का? एफ-१ व्हिसावर शिक्षण चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. बाहेर काम करायला परवानगी लागते. तेव्हा हा प्रश्न नुसता अर्जाचा नाही, तुमच्या तिथे राहण्याचा आहे. अर्जावर एक अक्षर लिहिण्याआधी इमिग्रेशनचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा. माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराला नव्हे. एवढं मात्र सांगतो की, ‘सगळ्या नोकऱ्या’ विचारणाऱ्या फॉर्मवर सही करून ती गाळणं हा मार्ग नाही. तो फॉर्म भरायचाच की नाही, आणि कधी, हे वकिलाशी बोलून ठरवा.

आणि ज्यांनी अर्ज आधीच पाठवलाय, प्रवेशही घेतलाय, आणि आता आठवलं की एक नोकरी राहिली? त्यांनी डीनच्या कार्यालयात जाऊन दुरुस्ती द्यायची. बहुतेक लॉ स्कूलमध्ये त्याची सोय असते. आपण होऊन सांगितलेलं आणि पकडल्यावर सांगितलेलं यांत सगळीकडे फरक करतात. श्वेअर डीनच्या खोलीत गेला होता तो हाच रस्ता.

मुलीनं आठ ठिकाणी अर्ज पाठवले. उत्तरं अजून यायचीयत. परवा फोनवर विचारत होती, आजोबा, मी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या होत्या, अकरावीत असताना, ते पुढे बारच्या फॉर्ममध्ये लागेल का? मी म्हटलं, अठरा पूर्ण झाली होतीस का? नव्हती. मग आईला विचारून बारावीनंतर काय काय केलंस ते आजच एका वहीत लिहून ठेव, महिन्यांसकट. चार वर्षांनी तुलाही आठवणार नाही आणि मीही असेन नसेन. वही आहे म्हणाली. डब्यांच्या हिशोबाचीच, मागची पानं कोरी आहेत.

चला, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत हात वर आहे.